भेक आणि भेकड

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हाची गोष्ट. परभणीच्या कॉलेजात आम्हाला मराठी शिकवणारे सर एक दिवस जेवणाचा रिकामा डबा घेऊन वर्गात आले. डब्यात चिठ्ठ्या होत्या. प्रत्येकानं एक उचलायची. चिठ्ठीत जो प्राणी निघेल त्याच्याबद्दलचे शब्द उन्हाळ्याच्या सुटीत आपापल्या गावातून गोळा करून आणायचे. त्या प्राण्याला काय म्हणतात, त्याच्या नावावरून आणखी कशाकशाला काय म्हणतात, शिवी देताना ते नाव घेतात का, लाडानं घेतात का, सगळं.

"कोशात आहे ते मला नको," सर म्हणाले. "ते मी घरी बसून वाचीन. गावात आहे ते आणा."

माझ्या शेजारणीला मोर निघाला. जिंतूरकडच्या एका मुलाला बैल निघाला, तो खूश झाला. मी चिठ्ठी उघडली तर तिच्यात एकच शब्द होता, भेक. मला तो मोठ्यानं वाचावा लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी बेडकासारखा आवाज काढला आणि वर्ग हसला. मीही हसले, पण माझे कान तापले होते.

दुपारी मी ग्रंथालयात गेले. सरांनी कोश नको म्हटलं होतं, तरी संस्कृतचा जाडजूड कोश काढून भेक शोधला. तीन अर्थ दिले होते. एक बेडूक. दुसरा भित्रा माणूस. तिसरा ढग. ढगाचं मला नवल वाटलं. पण डोळे खिळले ते दुसऱ्या अर्थावर. मी कोश मिटला आणि जागेवर ठेवून दिला. माझ्या घरात त्या शब्दाचं काय झालं होतं ते वर्गात कुणालाच माहीत नव्हतं.

माझं गाव ताडकळसपासून दीड कोसावर. गावाच्या खालच्या अंगाला आमची चौदा घरं. आमच्या आज्याच्या पिढीनं बौद्ध धर्म घेतला, तरी गावाच्या तोंडी आमची वस्ती ती वस्तीच राहिली. माझे वडील, आम्ही त्यांना बा म्हणायचो, विहिरींचा गाळ काढायचे. चैत्र सरला की गावोगावचे बागायतदार त्यांना बोलावून नेत. कुठल्या विहिरीला कुठल्या अंगानं झरा आहे हे बाला पायानं कळायचं. आणि ज्या विहिरींचा गाळ बा काढायचा, त्यांतल्या एकीतही माझ्या मायला घागर बुडवायची सोय नव्हती. माय पाणी आणायची नदीच्या वाळूत खड्डा करून, वाटी-वाटीनं.

नामांतराचा ठराव झाला त्या पावसाळ्यात मी अकरा वर्षांची होते. विद्यापीठाचं नाव बदलायचं ठरलंय आणि त्यावरून आमच्यासारख्या वस्त्यांत जाळपोळ चालू आहे एवढंच आम्हा पोरांना कळत होतं. आज या गावाचं नाव यायचं, उद्या त्या. गावातल्या मोठ्या बागायतदारांनी, ज्यांच्या घरी बा दर उन्हाळ्याला कामाला असायचा त्या मालकांनी, वस्तीत येऊन सगळ्यांसमोर सांगितलं होतं, "मी हाय ना. माझ्या गावात येऊन तुमाला हात लावायची कुणाची छाती हाय?"

तिसऱ्या दिवशी फटफटायच्या आधी उठून तो एकेका दारात गेला. "उठा. पोरंसोरं घ्या, कपडे घ्या, निघू."

"मालक हायत की," कुणीतरी म्हणालं.

"मालक हायत. पर मालक एकलेच हायत," बा म्हणाला.

काहींनी ऐकलं, काहींनी शिव्या घातल्या, पण तासाभरात चौदाही घरं निघाली. एका म्हातारीला चालवत नव्हतं, तिला बानं पाठकुळी घेतलं. चिखलाच्या वाटेनं आम्ही रेल्वे स्टेशन गाठलं आणि परभणीला आलो. कुणी नातेवाइकांकडे, कुणी शाळेच्या पडवीत, असे विखुरलो. आम्ही माझ्या आत्याच्या एका खोलीत नऊ माणसं राहिलो.

दिवाळी झाल्यावर परतलो. वस्ती जशीच्या तशी उभी होती. एकाही घराला आग लागलेली नव्हती, कुलपं होती तिथं होती. फक्त आमच्या दारातले मायचे दोन रांजण फुटलेले होते, आणि ते पलीकडच्या आळीतल्या एका मारक्या गाईनं फोडले असं गुराखी म्हणाला. बाच्या चेहऱ्यावर हायसं आलं होतं. पण दुसऱ्या दिवशी तो चावडीसमोरून जात असताना मालकांनी त्याला हाक मारली. मी त्याच्या बोटाला धरून होते. पारावर पंधरावीस माणसं बसली होती.

"आला का रे भेकड?" मालक म्हणाले. "मी असताना पळाला. सगळ्या मुलखात माझी इज्जत घालवली. काय झालं रं तुझ्या घराला? पेटलं?"

लोक हसले. हसणाऱ्यांत आमच्या वस्तीतलेही दोघं होते, पिकाच्या ऐन दिवसांत घरदार सोडायला लावलं म्हणून ते बावर चिडलेलेच होते. बा खाली मान घालून पुढे निघाला. त्याचा हात तेवढा घामानं ओला झाला होता, ते मला कळलं. तेव्हापासून शाळेत मी भेकडाची पोर झाले. मी दोघातिघांना मारलंही त्यावरून. बानं मात्र पुढच्या उन्हाळ्यात मालकांचा निरोप येताच टोपलं उचललं आणि त्याच विहिरीत उतरला. त्याचा मला फार राग आला होता. तो राग सात वर्षं माझ्यात होता. कॉलेजात आले तरी होता.

सुटी लागली आणि मी वही घेऊन गावी गेले. बाला सांगितलं, मला भेकाचे शब्द गोळा करायचेत. मला वाटलं, तो गप्प होईल. तो तर खुलला.

"मग घरात काय बसलीस? उद्या इहिरीवर ये. मालकाच्या इहिरीचा गाळ चाललाय. तितं बेंडकं बी हायत, भेक बी हायत."

"दोन्ही एकच ना बा?"

"एक कशानं? बेंडूक वल्लं आसतंय, गुळगुळीत, धरलं तर हातातून सटकतंय. भेक कोरडं. अंगावर खरबुड्या. बेंडूक पाण्यातलं. भेक घराच्या कडंचं, दगडाखालचं. अंडी घालायला तेवढं पाण्यावर येतंय आन् एखांदं इहिरीत पडतंय."

दुसऱ्या दिवशी मी विहिरीच्या काठावर बसले. पाणी उपसून झालं होतं. बा तळाला, गुडघाभर काळ्या गाळात. वर दोन गडी रहाटानं टोपली ओढत होते. मी विहिरीत इतकं खोल कधी पाहिलं नव्हतं. तळातून बाचा आवाज घुमून यायचा, तो त्याचा वाटायचाच नाही. दगडांच्या कपारीत हात घालून तो गाळ ओढायचा आणि मधेच ओरडायचा, "हळू घ्या रं, जीव हाय त्यात." मग टोपलं वर आलं की गाळाच्या वर एखादा भेक बसलेला असायचा. गडी तो बाभळीच्या सावलीत सोडायचे. बाची तशी ताकीद होती. एका दिवसात सात निघाले.

एक मी हातात घेतला. तो पळाला नाही. चारी पाय ताठ केले, मान खाली घातली आणि बघता बघता फुगला, पहिल्यापेक्षा दुप्पट दिसायला लागला. डोळ्यांमागच्या फुगवट्यांवर पांढरं काहीतरी आलं.

"डोळ्याला हात लावू नको, आग व्हईल," दुपारी वर आल्यावर बा म्हणाला. अंगावरचा गाळ वाळून तो स्वतःच राखाडी दिसत होता. "भेकाला बेंडकासारखी उडी येत न्हाई. पळून पळून किती पळंल? मग त्ये फुगून बसतंय. सापाच्या तोंडात मावंना झालं की साप बी सोडून देतोय. म्या बगितलंय."

"बा, पुस्तकात भेकाचा अर्थ भित्रा असा दिलाय."

बानं भाकरीचा तुकडा मोडला, त्यावर ठेचा घेतला. "पुस्तक लिवणारा इहिरीत उतरला नसंल," तो म्हणाला.

मी ते लिहून घेतलं. मग सगळं गाव फिरले. पहिल्या दिवशी लाज वाटली, दुसऱ्या दिवशी मजा यायला लागली. गावात तोवर कुणी कुणाला शब्द विचारत आलं नव्हतं. हॉटेलपाशी उभ्या असलेल्या तालमीतल्या एका पहिलवानानं बाही वर सारली, दंड आवळला आणि म्हणाला, "ही बगा बेंडकुळी. लिवा. आन् गावात सगळ्यांत मोठी माझी हाय, त्ये बी लिवा." लिंबाखाली खोकत बसलेल्या म्हाताऱ्यानं छातीवर हात ठेवला. "बेडका? माझ्या हितं रोज दोन-चार निगतेत. किती पायजेत?" बांगड्या भरणारी मावशी आमच्या वस्तीतही यायची. ती म्हणाली, "हमारे में मेंडक बोलते." मग इकडंतिकडं पाहून हळूच मराठीत सांगितलं, "पर ज्यादा करून नवऱ्यालाच बोलतो. काम करायचं न्हाई आन् घरात बसून टरटर करायचं, तो मेंडक." माझ्या मायला धोंडी आठवली. पाऊस ओढला की मुसळाला बेडूक बांधून, पाण्याच्या नावानं दारोदार फिरायचं, असं तिच्या लहानपणी होतं. धर्म घेतल्यावर तिनं ते सोडलं होतं. "बिचाऱ्या बेंडकाचे हाल," ती म्हणाली. "आन् पाऊस आला तर मान धोंडीला. बेंडकाला कोण इच्यारतंय?"

वही निम्मी भरली. पण एक शब्द मी कुणालाच विचारला नव्हता, आणि तो घेतल्याशिवाय सरांसमोर जायचं म्हणजे खोटं काम झालं असतं.

मालक रोज दुपारी विहिरीवर यायचे. बाभळीखाली बाज टाकलेली असायची, तिच्यावर बसायचे. साठीला आले होते. चौथ्या दिवशी त्यांनीच मला हटकलं.

"काय लिवायलीस गं रोज?"

"कॉलेजचं काम आहे. शब्द गोळा करतेय. भेकाचे."

ते मोठ्यानं हसले. "भेकाचे? त्यासाठी तुला परभणीला घातलं व्हय तुझ्या बापानं?"

"काका, एक शब्द तुमच्याकडून घ्यायचाय," मी म्हणाले. आमच्या वस्तीतलं कुणीही त्यांना मालक सोडून दुसरं काही म्हणत नव्हतं. काका हे त्यांना खटकलं, ते मला दिसलं. पण मागं फिरायची वेळ गेली होती. "भेकड म्हणजे काय?"

रहाट ओढणारे गडी थांबले.

"कुणी पाठवलं तुला?" मालकांनी विचारलं.

"कुणी नाही. हा शब्द मी पहिल्यांदा तुमच्या तोंडून ऐकला. चावडीपुढं. मी अकरा वर्षांची होते."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग उठले, पायांत वहाणा सरकवल्या आणि बांधावरून घराकडे निघून गेले. आता बाचं काम जाणार, नुसतं या विहिरीचं नाही, चार गावांचं, असंच वाटलं. संध्याकाळी घरी आल्यावर बाला सगळं सांगितलं. माय कपाळाला हात लावून बसली.

बा चुलीपुढे पाय शेकत होता. गाळातून आलं की उन्हाळ्यातही त्याचे पाय गार पडायचे. "इच्यारलंस ना?" तो म्हणाला. "मग आता गप ऱ्हा. काही गोष्टींचं उत्तर द्यायला माणसाला टाइम लागतोय."

पुढचे तीन दिवस मालक विहिरीवर आले नाहीत. काम मात्र कुणी थांबवलं नाही. मीही गेले नाही, घरात बसून आहेत ते शब्द पुन्हा पुन्हा लिहीत राहिले.

गाळ संपला, झरा मोकळा झाला, त्या दिवशी सकाळी एक गडी बोलवायला आला. नवं पाणी लागलं की विहिरीवर नारळ फोडायची रीत होती. गडी म्हणाला, "मालक म्हनलेत, पोरीला बी घिऊन ये. वही घिऊन."

विहिरीवर दहाबारा माणसं होती. मालकांच्या घरची, शेजारच्या शेतातली, आमच्या वस्तीतली रहाटावरची. नारळ फुटला, गूळखोबरं वाटलं. मग मालक बाजेवर न बसता विहिरीच्या काठावर टेकले, आणि बाच्याकडे न बघता पाण्याकडे बघत बोलायला लागले.

"तुमी गेला त्याच दिवशी दुपारी एक टेम्पो आला व्हता. भरलेला. गावचं एक बी माणूस त्यात नव्हतं. म्या आमच्या माडीवरून बगितला. खाली यायला पायजे व्हतं. सगळ्यांपुढं बोललो व्हतो, मी हाय म्हनून. पर म्या दाराला आडना घातला आन् आत बसलो." ते थांबले. त्यांचा मोठा मुलगा काहीतरी बोलायला गेला, त्याला त्यांनी हातानं गप्प केलं. "वस्तीत कुणीच गावलं न्हाई. रांजणावर काठ्या मारल्या आन् गेले फुडच्या गावाला. फुडच्या गावाचं काय झालं त्ये तुमाला ठाव हाय."

पुढच्या गावात काय झालं ते आम्हाला माहीत होतं. घर जळालेली त्या गावातली सहा माणसं आत्याच्या शेजारच्या खोलीत येऊन राहिली होती.

"मग तू परत आलास," ते आता बाच्याकडे वळले. "घर साबूत. मला वाटलं, ह्याला कळलं तर? म्हनून गावाला तोंड उघडू दिलं न्हाई, आन् आधी म्याच बोललो. मोठ्यानं बोललो." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "लिव, पोरी. भेकड म्हंजे दार लावून बसलेला माणूस. म्या सांगितलं म्हनून लिव."

मी लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की नंतर मलाच नीट वाचता येईना.

मला वाटलं, बा आता बोलेल. सात वर्षांचं बोलेल. बानं हातातलं खोबरं तोंडात टाकलं, सावकाश चावलं.

"मालक, भ्यालो तर म्या बी व्हतो," तो म्हणाला. "लय भ्यालो व्हतो. दोन रात्री डोळ्याला डोळा न्हाई. भ्यालो म्हनून तर सगळ्यांना उठवलं." मग मालकांकडे वळून, "भ्यायला काय, समदेच भितेत. तुमी बी एकलेच व्हता की."

मालकांच्या डोळ्यांत पाणी आलं की नाही ते मी सांगू शकत नाही, कारण माझ्याच डोळ्यांना काही दिसत नव्हतं. सात वर्षं मला वाटत होतं, बा गाव सोडून गेला तो घाबरून गेला. तो घाबरलेला होता हे खरंच होतं. त्याची लाज धरायचं काही कारण नव्हतं, एवढंच मला कळलेलं नव्हतं.

वस्तीतले जे दोघं तेव्हा हसले होते, त्यांतला एक रहाटावर होता. घरी परतताना तो बाच्या शेजारून चालत होता. वाटेत त्यानं बाच्या खांद्यावरचं टोपलं काढून आपल्या खांद्यावर घेतलं.

मायला सगळं सांगितलं तेव्हा तिला पहिल्यांदा आठवले ते रांजण. "म्हंजे गाईनं न्हाई फोडले?" ती म्हणाली. "आगं माय! सात वर्सं म्या त्या गाईला शिव्या घातल्या. तिच्या मालकिणीशी बोलले न्हाई!" आणि ती हसायला लागली, हसता हसता पदर डोळ्यांना लावला, आणि त्याच संध्याकाळी त्या बाईच्या दारात जाऊन उभी राहिली. दोघींनी किती तरी वेळ बोलून घेतलं. गाय दोन वर्षांपूर्वीच मेली होती.

कॉलेज सुरू झाल्यावर मी वही सरांना दिली. त्यांनी ती दोन दिवस ठेवून घेतली आणि मग वर्गात मलाच वाचायला लावली. बेंडकुळी आली तेव्हा मुलं हसली, बांगडीवाल्या मावशीच्या नवऱ्याला तर शिट्ट्या मिळाल्या. शेवटचा शब्द मी कुणाचंही नाव न घेता वाचला, बाचं उत्तरही वाचलं. नामांतरावरून आमच्या वर्गातही दोन बाजू होत्या, एकमेकांच्या बाकावर न बसणाऱ्या. तास संपल्यावर पहिल्या दिवशी बेडकाचा आवाज काढणारा मुलगा माझ्यापाशी आला. त्याचं गाव पेडगावकडचं. त्यानं विचारलं, "तुमचे वडील अजून विहिरीत उतरतात? आमच्या विहिरीचा झरा बंद पडलाय." मी पत्ता दिला. पुढच्या उन्हाळ्यात बा तिकडे जाऊन आलाही, आणि त्या मुलाच्या घरी सगळ्यांच्या पंगतीत जेवून आला. ते त्यानं मला दोनदा सांगितलं.

सरांनी मात्र एक गोष्ट स्पष्ट केली. भेकड हा शब्द भेकावरूनच आला असं छातीठोक सांगता येत नाही, तो भिण्यावरूनही आला असेल. मी जरा हिरमुसले. सर म्हणाले, "शब्दांची नाती लागतील तेव्हा लागतील. हे काम तुम्ही सोडू नका." मी सोडलं नाही. पुढे जिंतूरला शाळेत नोकरी लागली तेव्हा दरवर्षी मुलांना असेच डब्यातून शब्द काढायला लावले. त्या वह्या अजून माझ्याकडे आहेत.

विद्यापीठाच्या नावाचा निकाल लागायला आणखी बरीच वर्षं गेली. तो लागला त्या हिवाळ्यानंतरच्या उन्हाळ्यात आमच्या वस्तीला सरकारी योजनेतून स्वतःची विहीर मंजूर झाली. बाचे गुडघे तोवर गेले होते. जागा दाखवायला मात्र त्यालाच नेलं. तो अनवाणी फिरला, दोनदा थांबला, एकदा परत मागे आला आणि काठीनं रेघ ओढली. खोदणारी सगळी पोरं वस्तीतली. बा काठावरच्या एका फरशीवर बसून त्यांच्यावर ओरडायचा. मीही सुटीत तिथंच होते, माझ्या लेकीला घेऊन. मालक फार थकले होते, तरी एक दिवस मुलाचा हात धरून बघायला आले आणि बाच्या शेजारी त्याच फरशीवर बसले. मायनं पाणी विचारलं. ते प्यायले. मुलानं नको म्हटलं.

पस्तीस फुटांवर पाणी लागलं. दुपारी बारा-साडेबाराची वेळ असेल. आधी दगडाला ओल दिसली, मग एक बारीक धार, मग खालच्या पोरांची बोंब. बा उठून उभा राहिला, कुणाचा आधार न घेता. गढूळ पाणी निवळायला चार दिवस लागले, आणि पाचव्या दिवशी मायनं पहिली घागर बुडवली. त्या दिवशी वस्तीतली प्रत्येक बाई घागर घेऊन आली. जिच्या घरी भरलेलं पाणी होतं तिनंही ते आधी झाडांना ओतून टाकलं, आणि रिकामी घागर घेऊन रांगेत येऊन उभी राहिली.